कोर्लईची पोर्तुगीज

अलिबागहून मुरूडकडे निघालेली एसटी नागाव, चौल, रेवदंडा करत कुंडलिका खाडीच्या पुलावर येते, तेव्हा उजव्या हाताला समुद्रात घुसलेला लांबट डोंगर दिसतो. त्यावर कोर्लईचा किल्ला. बहुतेक पर्यटक तो बघतात, दीपगृहापाशी फोटो काढतात आणि काशीदच्या किनाऱ्याकडे पळतात. मीही आधी किल्ल्यावरच गेलो. दीपगृहामागच्या पायऱ्यांनी वर पोचलं की पाण्याची टाकी, गंजलेल्या तोफा, छप्पर नसलेलं चर्च आणि पोर्तुगीज शिलालेख.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशाहाच्या परवानगीनं पलीकडे रेवदंड्याला ठाणं उभारलं. हा डोंगर मात्र त्यानं त्यांना कधी दिला नाही. का, ते तटावर उभं राहिलं की कळतं. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत तोफेच्या टप्प्यात! पुढे निजामशाहीनंच इथे तटबंदी केली आणि १५९४ मध्ये ती आयती पोर्तुगीजांच्या हाती पडली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पुढच्याच वर्षीच्या तहात रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, नि पोर्तुगीज सत्ता इथून उठली.

माझं काम खरं तर खाली, गावात होतं. सत्ता गेली तरी बाटलेली इथलीच माणसं मागे राहिली. गरीब, शेतावर राबणारी. सैन्याच्या नि चर्चच्या सहवासात घडलेली पोर्तुगीज क्रिओल, म्हणजे पोर्तुगीजपासून घडलेली मिश्र भाषा, त्यांच्या तोंडी होती आणि ती आजही घराघरांत चालते. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’.

जगात पोर्तुगीज बोलणारे पंचवीस कोटींहून जास्त, त्यातले वीस कोटींवर एकट्या ब्राझीलमध्ये. त्या गर्दीत कोर्लईचा हिशोब कोण ठेवणार? तरी मला ही गोष्ट ब्राझीलपेक्षा नवलाची वाटते. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होतं, पण तिथे ही भाषा कचेऱ्यांत आणि वरच्या घराण्यांतच राहिली. सामान्य माणूस कोकणीच बोलला. इथे मात्र राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली. ना दरबार, ना शाळा, ना छापलेलं पुस्तक. पोर्तुगीज जाणणारे पाद्री तेवढे विसाव्या शतकातही येत राहिले. बाकी धर्म वेगळा, सोयरीक आपसातच, त्यामुळे शेजारची मराठी चुलीपर्यंत पोचायला वेळ लागला.

पण ती पोचलीच. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लँसी क्लेमेंट्स यांनी कोर्लईच्या या क्रिओलचा अनेक वर्षं अभ्यास केला; त्यांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. लिस्बनचा माणूस ‘मी खातो भात’ अशा क्रमानं बोलतो. कोर्लईत क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी सरकलेलं आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी मराठीकडे कललेली. तिला मोडकी पोर्तुगीज म्हणणं मला तरी पटत नाही. ज्यांना लिस्बननं कधी आपलं मानलं नाही, त्यांनी स्वतः घडवलेली ती भाषा आहे.

चर्चजवळच्या एका घराच्या ओट्यावर एक मावशी निवडण घेऊन बसल्या होत्या. माझ्याशी त्या अस्सल कुलाबी मराठीत बोलत होत्या, मध्येच मान वळवून आतल्या सुनेला काहीतरी सांगत होत्या. त्यातलं अक्षरही मला लागेना. चर्चमधली मिस्सा आता मराठीत असते, पोरं मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात, हाताशी आली की मुंबई गाठतात.

“नातवाशी मी आमच्यातून बोलते, तो मराठीतून उत्तर देतो,” मावशी म्हणाल्या. “समजतं त्याला सगळं. पण पुढे त्याची बायको कुठली येईल, त्यावर आहे बघा.”