काजलभाई आणि पऱ्हाटीचं फूल

1995 साली झी टीव्हीवर ‘हम पांच’ सुरू झाली तेव्हा मी दारव्ह्याला आठवीत होते. आमच्या घरी केबल नव्हती, म्हणून शेजारच्या मावशीकडे जायचं. मालिकेत अशोक सराफ पाच मुलींचे वडील. त्यांची दिवंगत पहिली बायको, म्हणजे प्रिया तेंडुलकर, भिंतीवरच्या फोटोतून फक्त त्यांच्याशी बोलायची. सगळे त्या फोटोला हसायचे. मी मात्र काजल कधी येते याची वाट पाहायचे. भैरवी रायचुरानं रंगवलेली ती मुलगी डोक्यावर टोपी घालायची, पोरांसारखे कपडे घालून टपोरी भाषा बोलायची, आणि तिला काजलभाई म्हणत.

मावशी म्हणायची, “लग्न झालं का येईन ठिकाणावर पोट्टी.” आता माझी भाची तेच जुने भाग मोबाइलवर बघते आणि म्हणते, “आत्या, ती लेस्बियन होती, सरळ दिसतंय.” दोघींनाही खात्री आहे. मला वाटतं, काजलला मुलगेही आवडत असतील आणि मुलीही. मालिकेत याला पुरावा नाही. टोपी आणि चालण्यावरून कुणाच्या मनातली ओढ कळत नाही, हेही मला मान्य आहे. तरी मी तिला तशी वाचते, कारण तेव्हा पडद्यावर माझ्या जवळची वाटेल अशी ती एकटीच होती.

पुढे पुसदला वसतिगृहात एका मैत्रिणीच्या केसांना मी दर रविवारी तेल लावायचे. तिची वेणी घालून झाली की रबर लावायला मुद्दाम उशीर करायचे. ते प्रेम होतं. काही वर्षांनी नवऱ्यावर जीव जडला, तेही प्रेमच. दुसरं आलं म्हणून पहिलं चुकीचं होतं असं मला कधी वाटलं नाही. लग्नाआधी त्याला हे सगळं सांगितलं होतं. तो बराच वेळ गप्प होता, मग त्यानं तिचं नाव विचारलं.

मुलगे आणि मुली दोन्ही आवडण्यासाठी मराठीत ‘उभयलिंगी’ असा शब्द आहे. तो मला पहिल्यांदा भेटला जीवशास्त्राच्या पुस्तकात, जास्वंदीच्या चित्राखाली. आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हीसुद्धा त्याच कुळातली. सकाळी उमललेलं तिचं फूल दुधाळ पिवळसर असतं. पाकळ्या बाजूला केल्या की मधोमध पुंकेसरांची नळी आणि तिच्यातून वर आलेला स्त्रीकेसराचा शेंडा दिसतो. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं, मग गळतं आणि बोंड धरतं. पण हा शब्द फुलाच्या अवयवांचा आहे. माणसाला लावला की ऐकणारा शरीराचाच विचार करतो आणि ओढीची गोष्ट राहून जाते.

ही ओढ मी नाटक-कादंबऱ्यांतही शोधली. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 मध्ये रंगमंचावर आलं. त्यातल्या मित्रा नावाच्या मुलीचं दुसऱ्या एका मुलीवर प्रेम आहे आणि नाटक मित्राच्या मरणापाशी संपतं. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (2006) तनय आणि अनुजा हे भाऊबहीण घरातल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. दोघं आपापली बाजू सांगतात. त्या मुलाला मात्र नावही नाही आणि बोलण्याची पाळीही नाही. वाचणारे विचारतात, त्यानं खरं प्रेम कुणावर केलं आणि फसवलं कुणाला? दोघांवरही केलं असेल, हे फार उशिरा सुचतं. त्याचं म्हणणं ऐकायला मी अजून एक अख्खी कादंबरी वाचली असती.

गेल्या दिवाळीत भाचीनं मावशीला ‘हम पांच’चा एक भाग दाखवला. काजल आली तशी मी म्हणाले, “मावशी, हिला दोन्ही आवडत असतील. पोट्टे बी आन् पोट्ट्या बी.”

मावशीनं चष्मा सारखा केला आणि काजलकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे.

“मंग सांगतलं काऊन नाही तिनं?”

“कोणी विचारलंच नाही, मावशी.”