भाव न लिहिलेलं दुकान

साहसकथांच्या व्हिडिओ गेममध्ये दुकानदाराइतकं निर्विकार पात्र दुसरं सापडत नाही. जग बुडायला आलेलं असतं, वेशीबाहेर राक्षसांचा सुळसुळाट झालेला असतो, आणि हा आपला काउंटरमागे उभा. नायक घाईघाईने आत शिरतो, जुन्या तलवारी विकतो, औषधाच्या चार बाटल्या घेतो आणि आला तसा निघून जातो. दुकानदार एकच वाक्य बोलतो, दर वेळी तेच. त्याला झोप नाही, भूक नाही, गल्ल्यात आज किती जमले याची फिकीर नाही. राक्षसाच्या गुहेतून आणलेली, पोचे पडलेली ढाल तो निम्म्या किमतीत मुकाट्याने ठेवून घेतो. पुढे ती तो कुणाच्या गळ्यात मारतो, हे विचारायला कुणी थांबत नाही.

जपानमध्ये एका खेळाने ते 1990 साली विचारून पाहिलं होतं. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या चौथ्या भागात तोरनेको नावाचा एक गोलमटोल गृहस्थ येतो. जगातला सर्वांत मोठा शस्त्रांचा व्यापारी व्हायचं त्याच्या मनात आहे, पण तूर्तास तो दुसऱ्याच्या दुकानात रोजंदारीवर राबतो. बायको सकाळी डबा देते. पैशाची चणचण असली तर हा पठ्ठ्या तो डबासुद्धा विकू शकतो. त्याच्या वाट्याला एक प्रकरण आलं आणि लोकांना तो इतका आवडला, की 1993 मध्ये त्याला स्वतंत्र खेळ मिळाला. मात्र त्या खेळातही त्याचा बहुतेक वेळ भुयारात चाचपडण्यात जातो. दुकान पुन्हा मागे पडलं.

ते पुढे आलं 2007 च्या डिसेंबरात, आणि तेही कुठल्या मोठ्या कंपनीकडून नाही. ‘ईझीगेमस्टेशन’ नावाच्या एका छोट्या हौशी गटाने तोक्योच्या कॉमिकेट या हौशी कलावंतांच्या बाजारात ‘रेसेटिअर’ हा खेळ विकायला ठेवला. जपानी नावाचं शेपूट एखाद्या उद्योगमार्गदर्शन पुस्तिकेला शोभेल असं होतं: सामानाचं दुकान कसं सुरू करावं.

कथा दोन वाक्यांची. रेसेट लेमनग्रास या पोरसवदा मुलीचे वडील शूरवीर व्हायला म्हणून घर सोडून गेले आणि परतलेच नाहीत. मागे राहिलं ते त्यांनी काढलेलं कर्ज. वसुलीला टर्म फायनान्स या सावकारी पेढीची टिअर नावाची परी दारात हजर. (पंख असलेली, नाकीडोळी नीटस, हिशेबाला पक्की अशी वसुली अधिकारी जगाच्या वाङ्मयात आणखी कुठे असेल असं वाटत नाही.) परी म्हणते, घर आम्ही जप्त करू शकतो, पण त्यापेक्षा घरातच दुकान टाक. हप्ते ठरलेले: पहिल्या आठवड्याला 10,000 पिक्स, मग 30,000, 80,000, 2,00,000 आणि शेवटी 5,00,000. एकूण 8,20,000. एक हप्ता चुकला की घर गेलं, आणि रेसेट पुठ्ठ्याच्या खोक्यात राहायला. मग काळ मागे जातो, दुकान पुन्हा पहिल्यापासून. गेल्या खेपेला कमावलेली अक्कल आणि माल मात्र सोबत राहतो. इतकी दयाळू दिवाळखोरी परीकथेतच मिळायची.

आता प्रत्यक्ष सौदा जरा जवळून पाहू. दिवसाचे चार प्रहर: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. दुकान उघडलं की एक प्रहर खर्ची पडतो. दर्शनी खिडकीत काय मांडलं यावर आत कोण येणार ते बरंचसं ठरतं, म्हणून चांगला माल तिथे. एक लहान मुलगी येते, फडताळाशी घुटमळते, अक्रोड घातलेला पाव उचलून काउंटरवर आणते. पडद्यावर पावाची मूळ किंमत दिसते, आणि शेजारी आकडा भरायची रिकामी जागा. तिथे तुम्ही बोलायचं. मूळ किमतीपेक्षा किती चढवून सांगायचं? जास्त सांगितलं तर मुलीचा चेहरा पडतो, ती कुरकुरते. एखाद-दुसऱ्यांदा भाव उतरवायची संधी असते, आणि तरी जुळलं नाही तर ती हात हलवत निघून जाते. पाव फडताळात तसाच. तिच्या मागोमाग एक म्हातारबुवा येतात, त्यांच्यामागे मध्यमवयीन बाई, मग पैशाला तोटा नसलेली, नाक वर करून हसणारी अलुएट. प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी, खिशाचा तळ वेगळा. पावाचा भाव कुठेच लिहिलेला नाही. तो समोर उभ्या असलेल्या माणसात दडलेला आहे.

खेळणाऱ्यांनी यावर ठोकताळे बसवले आहेत. पैसा हवा असेल तर 130 टक्क्यांच्या आसपास सांगा, बहुतेक जण घेतात. पण दुकानदार म्हणून बढती हवी असेल, तर 105 च्या आतबाहेर सांगा. गिऱ्हाइकाच्या मनातल्या आकड्याला तुमचा आकडा जवळजवळ चिकटला, तर खेळ वेगळं बक्षीस देतो. आणि असे सौदे एकापाठोपाठ, पहिल्याच बोलीला, बिनतक्रार जुळत गेले तर ते बक्षीस फुगत जातं. बढती मिळाली की दुकान मोठं करता येतं, जुना माल विकत घेता येतो, आगाऊ मागण्या नोंदवून घेता येतात, गालिचा आणि भिंतीचा कागद बदलून गिऱ्हाइकांचा रागरंगही बदलता येतो. म्हणजे ताणून नफा घेणाऱ्याचा गल्ला भरतो आणि थोडं सोडून देणाऱ्याचं दुकान वाढतं. गंमत अशी की हप्त्याची तारीख डोक्यावर असताना दोन्ही लागतं, आणि दोन्ही एकदम जमत नाही. या ओढाताणीपुढे मला राक्षसांशी होणाऱ्या मारामाऱ्या फिक्या वाटतात.

मारामाऱ्या आहेत, कारण माल आणायचा कुठून? बाजारात आणि व्यापारी संघात तो विकत मिळतो, पण त्यात मार्जिन कमी. फुकट हवा असेल तर भुयारात जायचं. रेसेटला तलवार धरता येत नाही. ती गडी लावते. त्यातला पहिला लुई. शूर, सरळ, आणि कायमचा कफल्लक. तो तुमच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणूनही येतो, आणि इथे या खेळातली मला सर्वांत आवडलेली खोच आहे: तुम्ही त्याला जी तलवार विकाल, तीच कमरेला लावून तो पुढच्या वेळी भुयारात तुमच्यासाठी लढणार. समजा, तो उत्तम पोलादी तलवार हातात घेऊन उभा आहे. तिचा योग्य भाव त्याला परवडणारा नाही. चेहऱ्यावर तोच ओशाळा भाव. आता काय कराल? पडेल भावात दिली तर आजचा गल्ला हलका. अडून बसलात तर तो जुन्यापुराण्या पात्यानिशी खाली उतरेल, तिथे कोसळेल, आणि भुयारात गोळा केलेल्या सगळ्या मालातून एखादी वस्तूच हातात घेऊन तुम्हाला वर यावं लागेल. दया आणि हिशेब इथे एकाच बाजूला येऊन बसतात. धंद्यावरचे जाडजूड ग्रंथ जे पटवून देताना दमतात, ते इथे एका तलवारीत आटोपतं.

भावाच्या या खेळाला जपानमध्ये एक वेगळीच चव आहे. 1673 साली इसे प्रांतातल्या मात्सुसाकाच्या मित्सुई ताकातोशीने एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, एचिगोया नावाचं कापडाचं दुकान काढलं. तोवरची रीत अशी होती की व्यापारी माल घेऊन बड्या घरी जायचा, गिऱ्हाईक बघून भाव सांगायचा, आणि पैसे वर्षातून दोनदा, सणासुदीला, चुकते व्हायचे. उधारीचं व्याज आणि बुडण्याची भीती, दोन्ही भावातच मिसळलेली. मित्सुईने दहा वर्षांत ती घडी मोडली. रोख पैसे द्या, दुकानात या, भाव एकच, चढवून सांगणार नाही. वर कापडही लागेल तेवढं फाडून द्यायला तो तयार. बाकीचे व्यापारी संतापले, गिऱ्हाइकांनी मात्र गर्दी केली. तेच दुकान 1904 मध्ये मित्सुकोशी झालं, आणि ठरलेला भाव हा जपानी बाजाराचा शिष्टाचार बनला. ओसाकाची माणसं अजूनही दोन शब्द टाकून बघतात असा त्यांचा लौकिक आहे; पण तोक्योच्या दुकानात लेबलवरच्या आकड्याला हात घालायचा, हे तिथल्या शहाण्या माणसाला सुचणारसुद्धा नाही.

म्हणून वाटतं, ‘रेसेटिअर’मध्ये खरी जादू काय आहे याचं जपानी उत्तर आणि आपलं उत्तर एक नसणार. परी, पऱ्यांची सावकारी, बोलते राक्षस हे दोघांनाही सारखंच खोटं. पण समोरच्याकडे बघून भाव सांगायचा, तो वेडावल्यागत बघेल, मग आपण थोडं उतरायचं, हा जपानी तरुणाला परीकथेइतकाच लांबचा अनुभव. आपल्याला तो भाजी घेताना रोज येतो. आपण फक्त नेहमी काउंटरच्या या बाजूला असतो. ‘एवढे कुठे असतात का हो?’ हे वाक्य तोंडपाठ असलेल्या माणसाला पहिल्यांदा पलीकडे उभं केलं, की पहिल्या अर्ध्या तासात त्याच्या लक्षात येतं: गिऱ्हाईक वळून चालू लागलं की दुकानदाराच्या पोटात खरंच खड्डा पडतो. ते नाटक नसतं. निदान सगळं तरी नसतं.

हा खेळ बनवणाऱ्यांना तो खड्डा ठाऊक असणार. कॉमिकेट हा 1975 पासून भरणारा हौशी कलावंतांचा बाजार. आता वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीला, तोक्यो बिग साइटच्या अवाढव्य दालनांत भरतो. बहुतेक विक्रेते आपणच काढलेली चित्रकथा, आपणच बनवलेली सीडी समोर मांडून बसतात. एकेका गटाच्या वाट्याला लांबलचक टेबलाचा एक तुकडा येतो, मागे एक-दोन खुर्च्या. किंमत हाताने लिहिलेल्या कागदावर. समोरून माणसांचा लोंढा वाहत असतो, आणि त्यातला एखादा थांबतो, चार पानं चाळतो, ठेवून देतो. किती प्रती छापायच्या, किती उरतील, उरलेल्यांचं काय करायचं, हा सगळा जुगार बनवणाऱ्याच्याच अंगावर. त्या टेबलामागे बसणारी मंडळी दुकानावर खेळ काढतात, त्यात दर्शनी मांडणीला इतकं महत्त्व देतात, आणि माल न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकाची पाठ इतकी नीट दाखवतात, याचं मग नवल वाटत नाही.

इंग्रजीत तो आला सप्टेंबर 2010 मध्ये, ‘कार्पे फुल्गर’ या तितक्याच छोट्या अमेरिकी कंपनीमार्फत. अँड्र्यू डाइस आणि रॉबिन लाइट-विल्यम्स या जोडीने भाषांतर केलं ते शब्दाला शब्द ठेवून नाही. रेसेटच्या तोंडी त्यांनी चुकीची, उड्या मारणारी, स्वतः घडवलेली इंग्रजी घातली. ‘कॅपिटॅलिझम, हो!’ ही तिची आरोळी त्यातूनच आली, आणि ती खेळापेक्षाही जास्त फिरली. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खेळ लागला, आणि काही महिन्यांत लाखाच्या वर प्रती खपल्या. हौशी जपानी खेळ पाश्चात्त्य बाजारात अधिकृतपणे, पैसे मोजून विकला जाऊ शकतो, यावर तोवर फार कुणाचा विश्वास नव्हता. पुढे त्याच बाजूने बरेच जण आले. 2018 चा स्पॅनिश ‘मूनलायटर’ तर दिवसा दुकान आणि रात्री भुयार हाच धागा घेऊन उभा आहे. तो दिसायला कितीतरी देखणा, पण त्यात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हसरा-रडका चेहरा उमटतो आणि काम संपतं. तिथे घासाघीस नाही. माझ्या मते जीवही तितका नाही.

आरोळी ऐकून वाटतं की सगळं हसण्यावारी आहे. तसं नाही. बापाच्या कर्जापायी पोरीचं घर जायची वेळ येते ही गोष्ट कितीही गोड रंगांत रंगवली, तरी तिची कडू चव जिभेवर राहते. आपल्याकडच्या वाचकाला तर सावकाराचा हप्ता म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. खेळ यावर भाष्य करत नाही. टिअर लोभस आहे, ती रेसेटला धंदा शिकवते, तिची मैत्रीण होते, आणि आठवड्याच्या शेवटी हप्ताही घेते. दोन्ही एकाच मायेने. कुणी याला खेळाची उणीव म्हणेल. मला तो त्याचा धीटपणा वाटतो, कारण पैशाच्या व्यवहारात माया आणि वसुली अशी वेगवेगळ्या कप्प्यांत फारशी राहत नाहीत. कर्ज फिटल्यावरही दुकान चालवत राहायची सोय आहे. पण हप्त्याची टोचणी गेली की आकडे नुसते वाढत जातात, हात सैल पडतात. ज्यांना ती टोचणीच हवी, त्यांच्यासाठी हप्ते न संपणारा, चढत जाणारा वेगळा प्रकारही ठेवला आहे. माणसं तो हौसेने खेळतात, हे विशेष.

दोष काढायचेच तर सापडतील. भुयारं एकसुरी आहेत, मजल्यामागून मजले तेच ते. चित्रं आज जुनाट दिसतात. ती 2007 सालीही नवी नव्हती. पात्रांची बडबड मधूनमधून लांबते. आणि एकदा 105 आणि 130 ची गोम कळली, की काही गिऱ्हाइकांचे चेहरे बघायची गरज उरत नाही. तिथे खेळ स्वतःच्याच ठोकताळ्यांपुढे थोडा हरतो, म्हणून सुरुवातीला ते ठोकताळे विसरून खेळलेलं बरं. खेळ अजूनही स्टीमवर मिळतो, साध्या लॅपटॉपवर चालतो. पहिला आठवडा मात्र सांभाळून काढा: हप्ता फक्त 10,000 चा आहे, उगाच भाव ताणू नका, आणि लुईला ती तलवार देऊन टाका.