बाकी

आमच्यापैकी ज्याच्या गळ्यात हे लिहिण्याचं काम पडलं, तो एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे. बी.एड. झालेला वर्गात तो एकटाच, म्हणून लिहिणं त्याच्याकडे आलं. पण जे लिहायचं आहे ते एकट्याचं नाही. तेव्हा ‘मी’ बाजूला ठेवून ‘आम्ही’च म्हणू या. आम्ही म्हणजे मार्च २००४ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसलेला ३८ जणांचा वर्ग. २३ मुलगे, १५ मुली. गाव दापोली तालुक्यातलं, खाडीच्या काठावरचं. घरात कोकणी, शाळेत उर्दू आणि एस.टी.त, बाजारात, कचेरीत मराठी, अशा तीन बोलींत वाढलेले आम्ही.

गणिताच्या तासाला सर भागाकार घालायचे आणि खाली उरलेल्या आकड्याला म्हणायचे, ‘बाकी’. तोच शब्द मराठीच्या तासालाही तसाच भेटायचा. दुकानदाराच्या वहीतही तोच. दोन्ही भाषांत एकाच अर्थाचे जे शब्द आम्हाला फुकटात मिळाले, त्यांतला हा एक. त्याचं वजन मात्र कळायला वीस वर्षं लागली.

शाळा सुटली आणि वर्ग पांगला. खाडीकाठच्या गावात हे नवीन नाही. आमच्या वाडवडिलांनी बोटीवर नोकऱ्या केल्या, बापांनी आखातात. आमच्यातलेही कुणी कुवेतला गेले, कुणी मस्कतला, कुणी मुंब्र्याला. काही गावातच राहिले. सुरुवातीला एस.टी.डी. बूथवरून फोन व्हायचे, मग मोबाईल आले. ईदला जे गावी असतील ते भेटायचे, सांदणं आणि शीरखुर्मा खाऊन जेट्टीवर बसायचे आणि पुन्हा पांगायचे. २०१५ च्या रमजानमध्ये मस्कतच्या एकानं व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गाचा ग्रुप काढला आणि अकरा वर्षांनी पुन्हा हजेरी लागल्यासारखं वाटलं. जो तो नंबर शोधून आणत होता. आम्ही एकमेकांना नावांनी कमी आणि हजेरीच्या क्रमांकांनीच जास्त हाका मारू लागलो. शाळेतली सवय, दुसरं काय!

मुलगे जमले तेव्हा कुणीतरी लिहिलं, “मुलींचं काय? ३१ नंबर कुठं असते?”

३१ नंबर म्हणजे खिडकीजवळच्या बाकावरची ती. तिचं मराठीचं अक्षर असं, की मराठीचे सर तिची वही फळ्याला टेकवून दाखवायचे. परीक्षेआधी ती वही मुलींच्या बाकांवरून निघायची आणि आमच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची. कोण देतो, कोण घेतो हे कुणी बोलायचं नाही. तिच्याशी आमच्यातला एकही मुलगा कधी एक शब्द बोलला नव्हता. पण बोर्डाच्या परीक्षेत आमच्यातले निम्मे मराठीत पास झाले ते त्या वहीच्या जोरावर.

ग्रुपवर दोन दिवस कुणाचं उत्तर नाही. मग एकानं आपल्या बहिणीला विचारलं, ती मुलींमध्ये होती. तिनं सांगितलं, “ती २००९ मध्येच गेली. बाळंतपणात. मुलगी वाचली.”

२००९! सहा वर्षं झाली होती. खाडीच्या पलीकडच्या काठावर तिचं सासर. तरीनं दहा मिनिटांची वाट. तिची मय्यत उठली तेव्हा आमच्यातले सात-आठ जण याच गावात होते, कुणी बागेत होता, कुणी दुकानात. आम्ही त्या बहिणीला म्हणालो, “तुम्ही कुणी सांगितलं कसं नाही?” ती म्हणाली, “तुम्ही विचारलंत कुठं?”

खरं होतं. ‘आमचा वर्ग’ असं आम्ही म्हणत होतो, तेव्हा मनात २३ जणच असायचे. वही मात्र ३८ जणांची होती.

दुसरा गेला तो १४ नंबर. जुलै २०१८. कुवेतला एका कंपनीत ड्रायव्हर होता. रात्री खोलीवर छातीत दुखलं आणि सकाळपर्यंत सगळं संपलं. वय तीस. खबर आधी आमच्या ९ नंबरला कळली, तोही तिथंच. इकडे पाऊस असा, की दोन दिवस गावात वीज नव्हती. त्याच्या आईला सांगायला आम्ही चौघं गेलो. एकुलता मुलगा, बाप आधीच गेलेला.

परदेशात माणूस गेला की रडायच्या आधी कागद येतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. मृत्यूचा दाखला, पासपोर्ट रद्द करणं, वकिलातीचं ना-हरकत पत्र. मय्यत गावी आणायची तर किती दिवस लागतील सांगता येत नाही. तिथंच दफन करायचं तर वारसांचं संमतिपत्र हवं, स्टँपपेपरवर, नोटरीसह. हे सगळं आम्ही त्या माउलीला समजावत होतो. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, “तवर त्याला कुठं ठेवतील?”

आम्ही म्हणालो, “खाला, थंड पेटीत.”

“नको,” ती म्हणाली. “त्याला थंडी सोसत नाय. तिथंच मातीत ठेवा.”

तिनं अंगठा उठवला. आम्ही तो कागद मोटरसायकलवर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दापोलीला नेला, नोटरी करून घेतला, फोटो काढून ९ नंबरला पाठवला. सुलेबिखातच्या कब्रस्तानात त्यानं आमच्या सगळ्यांच्या वतीनं माती दिली. गावात जुम्म्यानंतर गायबाना नमाज झाली. आपल्या कोकणात शाफई मसलक, मय्यत समोर नसली तरी जनाज्याची नमाज पढता येते.

नमाजनंतर रिवाजाप्रमाणे एका बुजुर्गांनी विचारलं, “मरहूमकडे कुणाचं येणं असेल तर सांगा, नाहीतर माफ करा.” १४ नंबरनं व्हिसासाठी आमच्यातल्या बऱ्याच जणांकडून पैसे घेतले होते. कुणाकडून पाच हजार, कुणाकडून दहा. एकेक जण म्हणत गेला, “माफ.” “माफ केलं.” आमच्या छात्या जरा फुगल्याच असतील. २२ नंबर मात्र गप्प राहिला. तो गावात रिक्षा चालवतो. त्याचे आठ हजार होते. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो चटईकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर आमच्यातल्या काहींनी त्याला बोलून घेतलं. दोस्त मातीत गेला आणि याला आठ हजार दिसतात! तो शांतपणे म्हणाला, “माफ करायला माझ्याकडं जास्तीचं नव्हतं. तुमच्याकडं होतं, तुम्ही केलंत.”

रात्री ग्रुपवर पैसे जमवले आणि दुसऱ्या दिवशी त्याला दिले. त्यानं मोजून घेतले, खिशात घातले. रिक्षाचा विमा थकला होता, तो भरला. आमच्या मनात त्याच्याबद्दल एक अढी राहिली ती राहिलीच. आज लिहायला लाज वाटते, पण राहिली. कर्ज माफ करणं हे पुण्य आहे, पण कर्ज फेडणं हे मेलेल्याच्या गळ्यातलं ओझं आहे, आणि ते उतरवण्याचा खरा मार्ग त्या दिवशी त्या एकट्याच्या गप्प राहण्यानं निघाला, हे आमच्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही.

तिसरा ६ नंबर. वर्गाचा विदूषक. दापोलीत मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान. ग्रुपवर सकाळी पहिला विनोद त्याचा, रात्री शेवटचा विनोद त्याचा. एप्रिल २०२१, करोनाची दुसरी लाट, रमजानचे दिवस. सेहरीपासून इफ्तारपर्यंत आम्ही फोन करत होतो, कुणी बेडसाठी, कुणी ऑक्सिजनसाठी, कुणी गाडीसाठी. मस्कतहून, मुंब्र्याहून, कुवेतहून. त्या महिन्यात देशभर असेच फोन चालले होते. बेड मिळाला, पण उशीर झाला होता. दफनाला मोजकी माणसं, अंगात प्लास्टिकचे पांढरे पोशाख. कब्रीत उतरवणाऱ्या जमातीच्या पोरांत आमचे दोघं होते. चेहरे झाकलेले. कोण कोण आहे हे एकमेकांनाही ओळखू येत नव्हतं.

त्याचा नंबर ग्रुपमधून काढायचा नाही असं ठरलं होतं. पण तीन-चार महिन्यांनी एका दुपारी ग्रुपवर आपोआप ओळ उमटली, तो ‘लेफ्ट’ झाल्याची. फोन बंद राहिला की खातं मिटतं, एवढंच त्याचं कारण. तरी ती ओळ वाचून मस्कतचा मित्र ड्युटीवर ढसाढसा रडला. म्हणाला, “दफनाला येता आलं नाही, हे मात्र डोळ्यांसमोर झालं.”

त्याची बायको दुकान आवरत होती. हिशेबाची एक डायरी सापडली म्हणून तिनं आम्हाला बोलावलं. कुणाचं काही देणं असेल तर फेडावं, असा तिचा इरादा. पानं उलटताना एक नोंद पुन्हा पुन्हा दिसली. “१४ ची अम्मी — ५०० — वर्गातर्फे.” ऑगस्ट २०१८ पासून मार्च २०२१ पर्यंत. ३२ महिने. सोळा हजार रुपये. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं त्या महिन्यांतही नोंद चुकलेली नव्हती.

वर्गातर्फे! आणि वर्गाला पत्ता नव्हता.

आम्हाला मग आठवलं. दर ईदला आम्ही १४ नंबरच्या आईला सलाम करायला जायचो तेव्हा ती म्हणायची, “तुमी आठवण ठेवता पोरांनो, मला सगळं पोचतं. अल्ला तुमाला लई देवो.” आम्हाला वाटायचं, आमच्या दुआ पोचतात असं म्हणते आहे. आम्ही मान डोलवायचो, शीरखुर्मा प्यायचो आणि तीन वर्षं दुसऱ्याच्या दानाचे आशीर्वाद घेऊन घरी जायचो.

पैसे तिच्या हाती कोण देत होतं? दापोलीहून गावात रोज येणारा-जाणारा आमच्यातला एकच. २२ नंबर. रिक्षावाला. दर महिन्याला पाचशेची नोट आणि वर स्वतःच्या पदरची एक खेप. तिला दवाखान्यात न्यायचं असलं की भाडं घ्यायचं नाही. आम्ही त्याच्याकडे गेलो. म्हणालो, “अरे, आम्हाला सांगायचंस तरी.”

तो म्हणाला, “त्यानं सांगू नको म्हटलं होतं. आणि तुम्ही विचारलंत कुठं?”

हेच वाक्य आम्ही दुसऱ्यांदा ऐकत होतो.

त्या महिन्यापासून पाचशेची नोंद ग्रुपनं उचलली, पुढे रक्कम वाढवली. खाला अजून आहे, रिक्षाही तीच आहे. तिला अजून सांगितलेलं नाही की मधली तीन वर्षं ते एकाच खिशातून येत होतं. सांगायला हवं का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. ६ नंबरनं लिहिलं होतं ‘वर्गातर्फे’. त्याची ती इच्छा खोटी ठरवायची नसेल, तर ते खरं करत राहणं एवढंच आमच्या हाती आहे.

मार्च २०२५ च्या शेवटी ईद झाली. बाशी ईदला आम्ही १७ जण गावात होतो. शाळेच्या व्हरांड्यात बसून प्रत्येकानं एका कागदावर लिहिलं, कुणाचं किती देणं, कुणाकडून किती येणं. सूरह बकरातली ती लांबलचक आयत देण्याघेण्याची लिखापढी करायला सांगते. लहानपणापासून आम्ही ती तिलावतीत ऐकत आलो आणि तरी आमचा सगळा व्यवहार तोंडी. कागद लिफाफ्यांत घालून आपापल्या घरी दिले. कुणाचा कागद चार ओळींचा, कुणाचा पाठपोट. एकानं लिहिता लिहिता विचारलं, “वही कुठं लिहू?” आम्हाला आधी कळलं नाही. तो म्हणाला, “३१ नंबरची.”

तेव्हा पुन्हा त्या बहिणीला फोन केला. ३१ नंबरची मुलगी यंदा दहावीला बसली होती. तिच्या वह्या-पुस्तकांचा खर्च वर्गातल्या मुली पहिलीपासून आपसात वाटून घेत आल्या आहेत, हे त्या दिवशी कळलं. कुणी शिवणकाम करून, कुणी घरखर्चातून काढून. कुठं बोलल्या नाहीत. आम्ही म्हणालो, “अकरावीपासून आम्हालाही घ्या.” पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, “उशीर केलात. पण या.”

आमच्यातला जो शिक्षक आहे, तो रोज सकाळी हजेरी घेतो. मुलं “हाजिर जनाब” म्हणतात. एखाद्या क्रमांकाला उत्तर आलं नाही की तो पूर्वी मुकाट्यानं खूण करून पुढे जायचा. आता पेन थांबवतो आणि वर्गाला विचारतो, “का आला नाही? कुणाला माहीत आहे?” बहुतेक वेळा उत्तर साधंच असतं. ताप, लग्न, नाहीतर आई आजारी. तरीही विचारतो. त्यात दोन-तीन मिनिटं जातात आणि पहिला तास थोडा उशिरा सुरू होतो.

३८ मधून ३ गेले की ३५ उरतात, हे वजाबाकीचं गणित. आमचा हिशेब तसा बसत नाही. गेलेल्या तिघांचं आमच्याकडे जे येणं आहे, ते अजून बाकी आहे.