ऐंशी डॉलरची दाढ

मागच्या महिन्यात वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत मी दातांच्या आरोग्यावर बोलत होते. मिश्री सोडा, दोन वेळा ब्रश करा, वगैरे. मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, समदं खरं हाय. पण दाढ ठणकायला लागल्यावर जायचं कुठं, ते सांगा की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजशास्त्रात एम.ए. केलेली मी, पण दुखण्याचा दोष दुखणाऱ्याच्याच पदरात टाकून मोकळी झाले होते.

त्या रात्री मला डिमॉन्टे ड्रायव्हर आठवला. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातला १२ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. किडलेल्या दाढेतला संसर्ग मेंदूपर्यंत गेला. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, उपचारांचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो वारला. ती दाढ वेळेवर काढायला साधारण ८० डॉलर लागले असते.

आता कुणी म्हणेल, आईचं दुर्लक्ष. उलट, त्याची आई त्याच काळात धाकट्या मुलाच्या सहा किडलेल्या दातांसाठी डॉक्टर शोधत वणवण करत होती. मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी विमा. त्यातून पैसे कमी आणि कागदपत्रं फार, म्हणून बहुतेक दंतवैद्य त्याचे रुग्ण घेतच नव्हते. त्यात कुटुंबाला काही काळ बेघरांच्या निवाऱ्यात राहावं लागलं आणि पुढे विमाही खंडित झाला. हे नशीब नाही, ही व्यवस्था आहे.

अमेरिकेत आजही दंतवैद्यांमध्ये कृष्णवर्णीय चार टक्क्यांच्या आसपास आहेत. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण याच्या तिपटीहून जास्त आहे. कित्येक दशकं बहुतेक दंत महाविद्यालयांची दारं त्यांना बंद होती. हॉवर्ड आणि मेहॅरी या कृष्णवर्णीयांच्या दोन संस्थांनीच बहुतांश भार उचलला. प्रतिनिधित्व म्हणजे फक्त नोकरी नव्हे; दुखणाऱ्या माणसापर्यंत कोण पोहोचणार, याचाही तो प्रश्न आहे.

याचं उत्तर अलास्कातल्या आदिवासींनी शोधलं. त्यांच्या कित्येक गावांना रस्ताच नाही. दंतवैद्य विमानाने येणार, तोही क्वचित. तेव्हा त्यांच्या आरोग्य संस्थांनी आपल्याच तरुणांना न्यूझीलंडला पाठवून दात भरण्याचं आणि काढण्याचं प्रशिक्षण दिलं. हे तरुण गावांत काम करू लागताच, २००६ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशन त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. म्हणे, दर्जा घसरेल, रुग्णांना धोका होईल. 'दर्जा', 'गुणवत्ता'! ओळखीचे वाटतात ना हे शब्द? जिथे वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही, तिथे आपली पोरं उभी राहिली की लगेच गुणवत्तेची आठवण होते. कोर्टात असोसिएशनची डाळ शिजली नाही.

वंश आणि जात एकच नाहीत, हे मला मान्य आहे. पण आपलं त्या लढ्याशी नातं आहे. १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरचं नाव घेतलं. त्याच ब्लॅक पँथरने वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने चालवले, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. नाव घेतलं, दवाखाना राहिला.

पुढच्या बैठकीत मी भाषण केलं नाही. कुणाकुणाचे दात दुखतात, त्याची यादी केली. ११ नावं आली. सरकारी दंत रुग्णालयात गेलं की दिवसाची मजुरी बुडते, म्हणून त्यातल्या चौघींनी वर्षभर दुखणं अंगावर काढलं होतं. मिश्री त्या गंमत म्हणून लावत नाहीत. ठणका दबतो म्हणून लावतात.

मित्रांनो, आपल्यातले कितीतरी जण आरक्षणामुळे बीडीएस झाले आहेत. महिन्यातला एक रविवार विहारात द्या. आणि बाकीच्यांनी आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दंतवैद्याचं पद आहे का, भरलंय का, खुर्ची चालते का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. जयंतीचा खर्च मोजताना हाही हिशेब मांडा.

मावशींना मला उत्तर द्यायचं आहे.

जय भीम!