माशी, मासा आणि मेळघाट

सिअ‍ॅटलचा समुद्रकिनारा, अकोल्याचं मैदान आणि सिपना नदीचा डोह... एका फिशिंग रॉडचा हा प्रवास. मासा एकही मिळाला नाही, तरी ट्रिप सॉल्लिड झाली!

डिसेंबरमधली सकाळ. अकोल्यात आमच्या जुन्या शाळेच्या मैदानावर माझा मित्र नऊ फुटांचा रॉड घेऊन उभा. आसपास पाण्याचा थेंब नाही, नुसतं वाळलेलं गवत. तो हात मागे नेतो, क्षणभर थांबतो, पुढे आणतो. दोरी हवेत लांबच लांब उलगडते आणि अलगद गवतावर पडते. टोकाला गळ नाही, लाल लोकरीचा तुकडा बांधलाय. क्रिकेट सोडून पोरं भोवती जमलेली. शेवटी एकाला राहवत नाही.

'काका, काय पकडून राह्यले तुमी?'

प्रश्न बरोबरच होता!

मित्र सहा वर्षांपासून सिअ‍ॅटलला असतो. आठवडाभर सॉफ्टवेअर आणि वीकएण्डला कमरेइतक्या थंडगार पाण्यात उभं राहून फ्लाय फिशिंग. फ्लाय म्हणजे माशी. पिसं आणि दोरा गुंडाळून गळाला किड्याचं नाहीतर छोट्या माशाचं रूप द्यायचं. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा आमिषाचं किंवा शिशाचं वजन दोरीला ओढत नेतं. इथे माशीला वजनच नसतं, वजन दोरीत असतं. त्यामुळे सगळा खेळ मनगटाचा आणि त्या क्षणभर थांबण्याचा. घाई केली की दोरीचा गुंता!

त्याचा आवडता मासा म्हणजे सी-रन कटथ्रोट ट्राउट. जबड्याखाली केशरी-लाल चिरा असतात, म्हणून हे भयंकर नाव. उत्तर कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यावर हा सापडतो. जन्म ओढ्यात, मोठा झाला की समुद्रात. पण खोल समुद्रात सहसा जात नाही. किनारा धरून काही महिने खातो-पितो आणि थंडीच्या सुमारास परत गोड्या पाण्यात. पॅसिफिकमधले बहुतेक सॅमन दूरवर जातात, एकदाच परततात, अंडी घालतात आणि मरतात. हा मात्र पुन्हा पुन्हा ये-जा करू शकतो.

'आपण सॅमन झालो बे,' मित्र म्हणाला. त्याचे बाबा अकोल्यात एकटेच राहतात. मी विषय वाढवला नाही.

त्याला मेळघाटात रॉड टाकायचा होता. 'अबे, टायगर रिझर्व्ह हाये ते,' मी समजावलं. 'मासा सोडूनच देईन ना,' त्याचं उत्तर. तिकडच्या खाऱ्या पाण्यात नियमच तसा आहे. काटा नसलेला गळ वापरायचा आणि जंगली कटथ्रोट पाण्यात परत सोडायचा.

तर निघालो. अमरावतीत गिला वडा हाणला, परतवाडा मागे टाकलं आणि घाट सुरू झाला. सेमाडोहच्या अलीकडे मोबाइलने मान टाकली. सागाची मोठाली पानं, मध्येच एखादं कोरकू गाव, स्वच्छ सारवलेली घरं. कोलकासला पोहोचलो तेव्हा विश्रामगृहाच्या खाली सिपना वळण घेत होती. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग.

रॉड गाडीतच राहिला. गाईडने एका वाक्यात विषय संपवला, 'साहेब, इथं गळ टाकाले बंदी हाये.' मेळघाट 1974 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. इथे वाघाइतकाच मासाही संरक्षित.

मित्राचा चेहरा पडला. गाईड हसला आणि आम्हाला डोहाच्या वरच्या खडकावर घेऊन गेला. 'बसा. हलू नका.' पाच मिनिटं काहीच नाही. मग हिरव्या पाण्यात एक लांबट सावली वळली आणि मोठाले खवले उन्हात चमकले. पुन्हा सावली. पुन्हा पाणी.

सिपना तापीला मिळते आणि तापी-नर्मदेचं खोरं म्हणजे महसीरचा मुलूख. साहेबलोक याच्यामागे वेडे होते. हेन्री सलिव्हन थॉमसने 1873 मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तकच लिहिलं. दख्खनच्या महसीरला साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये शास्त्रीय नाव दिलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून! महसीरही प्रवासीच. समुद्राशी त्याचा संबंध नाही, पण पावसाळ्यात पूर आला की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि खडी-गोट्यांत अंडी घालतो. मध्ये धरण आलं की रस्ता बंद. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवली जातात, ती यासाठीच.

'पण आमच्यासारख्यांमुळे नदीवर नजर राहते,' मित्र म्हणाला. मुद्दा अगदीच फालतू नाही. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरीसारखी अँगलिंग कॅम्प्स होती. मासा पकडा, फोटो काढा, सोडा. अभयारण्यातलं हे अँगलिंग 2010 च्या आसपास बंद झालं. पाण्यावर माणसांचा वावर असला की सुरुंग लावून मासे मारणारे फिरकत नाहीत, असं अँगलर्सचं म्हणणं होतं.

गाईडने ऐकून घेतलं. मग सांगितलं, उन्हाळ्यात नदी तुटते, नुसते डोह उरतात. तेव्हा कुणीतरी ब्लीचिंग पावडर टाकून जातं. सकाळी अख्खा डोह पांढरा, मासे उताणे. तेच पाणी जनावरं पितात. 'माहा आजा इथंच मासे पकडे,' तो पुढे म्हणाला. 'खाण्यापुरते. मी नाई पकडत. आता मीच राखतो.'

मित्र गप्प. मीही. आपण हौस म्हणून मासा सोडतो आणि त्याचं कौतुक करून घेतो. या माणसाने घरची नदी सोडली होती, रोजच्या कालवणासकट. त्याच्यासमोर आमच्या 'कॅच अ‍ॅण्ड रिलीज'च्या फंड्याचा काय पाड? नजर ठेवायला रॉड लागतोच असं नाही. तिथलीच माणसं लागतात आणि त्यांचं पोट त्या नजरेवर भरावं लागतं.

अंधार पडेपर्यंत आम्ही खडकावर बसून होतो. सावल्या मोजल्या. अकरा की बारा, यावरून भांडलोही!

परत अकोल्याला आल्यावर मित्राने रॉड नळीत भरला. लोकरीचा लाल तुकडा मात्र त्या मैदानावरच्या पोराला दिला. 'पुढच्या पावसाळ्यात येतो,' बाबांना म्हणाला. 'सिपनेला पूर आलेला पाहायचाय.'

कसं जाल?
मुंबई-नागपूर मार्गावर अकोला आणि बडनेरा ही सोयीची स्टेशनं. अमरावतीहून परतवाडामार्गे सेमाडोह आणि पुढे कोलकास. सफारी आणि मुक्कामाचं बुकिंग वनविभागाकडे आधीच करा. पावसाळ्यात जंगल सफारी बंद असू शकते, निघण्याआधी चौकशी करा. स्थानिक गाईड नक्की घ्या. दुर्बीण न्या. रॉड घरीच ठेवा!