थांबायचं कोणी?

स्विचवर प्रायॉरिटी लावली की नेट फास्ट होतं, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. बँडविड्थ तेवढीच राहते. गर्दी झाली की थांबायचं कोणी, एवढंच ठरतं.

इथरनेट फ्रेमच्या व्हीलॅन टॅगमध्ये यासाठी ३ बिट असतात, म्हणजे ० ते ७ असे आठ आकडे. आवाजाला सहसा ५ देतात. फाइल दोन सेकंद उशिरा आली तरी चालते. बोलण्यातला शब्द उशिरा आला तर वायाच जातो.

एका ऑफिसात हे लावत होतो. सपोर्टच्या मुलामुलींचे कॉल दुपारी तुटायचे. अॅडमिनचे काका म्हणाले, "आधी साहेबांच्या केबिनला ७ द्या." ७ असतो नेटवर्क चालू ठेवणाऱ्या स्विच-राउटरच्या निरोपांसाठी. म्हटलं, "काका, केबिनला नको, कॉलला देऊ. साहेबांचा कॉलही त्यातच आला."

काका हसले. पण मुद्दा तोच होता: मान माणसाला द्यायचा की कामाला?

स्ट्रिक्ट प्रायॉरिटीत वरची रांग संपेपर्यंत खालचीचा नंबरच लागत नाही. म्हणून ती फक्त कॉलला ठेवली. बाकीच्यांना वेटेड राउंड रॉबिन: कोणाला चार घास, कोणाला एक, पण उपाशी कोणी नाही.

शिवाय कुठलंही मशीन आपल्या फ्रेमवर ७ लिहून पाठवू शकतं. कोणत्या पोर्टचा आकडा खरा मानायचा, हेही स्विचला सांगावं लागतं. मेन्यूत ती एक साधी टिक असते.

कॉल आता तुटत नाहीत. बॅकअप हळू होतो, पण होतो.