मिसळ आणि मिसलेनिअस

इंग्रजीत विविधता सांगणारी विशेषणे काही थोडीथोडकी नाहीत. 'व्हेरिअस' म्हटले की निरनिराळे नग डोळ्यांपुढे येतात. 'डायव्हर्स' म्हटले की त्यांच्यातला फरक नजरेत भरतो. मला मात्र नाद लावला तो 'मिसलेनिअस'ने. ज्यांना एका मथळ्याखाली बसवता येत नाही, अशांची ही मोट! म्हणून तो अनेकांपुढेच शोभतो: मिसलेनिअस खर्च, मिसलेनिअस कागदपत्रे. एकट्या वस्तूला कुणी मिसलेनिअस म्हणत नाही.

या शब्दाच्या मुळाशी मिसळणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आपल्या संस्कृत 'मिश्र'चे आणि त्याचे कूळ एकच, आणि 'मिश्र'चीच लेक आपली 'मिसळ'. हे कळले तेव्हा मी ग्रंथालयात मोठ्याने हसलो. एस.टी. स्टँडवरची तर्रीदार मिसळ आणि हा साहेबी शब्द चक्क भाऊबंद निघाले! स्वभाव मात्र वेगळे. मिसळीत मटकी, फरसाण, कांदा मिळून नवाच पदार्थ होतो. मिसलेनिअसमधल्या वस्तू नुसत्या शेजारी पडून राहतात.

मराठीत याला 'संकीर्ण' म्हणतात, पण ते पुस्तकात. हिशेबात आणि कचेरीत 'किरकोळ' चालते, आणि तिथेच माझे भांडण आहे. आमचे अण्णा दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढतात, लग्नसराईत हलगी वाजवतात, पावसाळ्यात दुसऱ्याच्या रानात रोजाने राबतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी हे सारे लिहिले. खिडकीवरच्या कारकुनाने त्यावर रेघ मारून तांबड्या शाईत लिहिले, 'किरकोळ'. इंग्रजी शब्द निदान कुणाला लहान तरी म्हणत नाही!

अर्थात रकाने आखणाऱ्यांची तऱ्हा सगळीकडे सारखीच. मेल्विल ड्यूईने १८७६ साली सुरू केलेल्या ग्रंथ-वर्गीकरणात इंग्रजी साहित्याला ८२० हा ऐसपैस क्रमांक आहे. मराठी साहित्य 'इतर भाषां'च्या दाटीत, ८९१.४६ वर. म्हणजे त्या टेबलावरून पाहिले तर आमचे तुकोबाही 'इतर'च!

यंदा अक्षर बारीक काढून अण्णांची चारही कामे मी रकान्यात बसवली. रात्री त्यांना वाचून दाखवले. विडी विझवीत ते म्हणाले, "गुऱ्हाळावरचं राहिलं की रे."